अमेरिकन फुटबॉलच्या पैजांचे भाव कसे वाचायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर लागला की न्यू जर्सीत रविवारी दुपारी एक वाजता घरोघरी टीव्ही सुरू होतात. अशाच एका रविवारी मुलाकडे राहायला आलेले नाशिकचे एक काका पडद्याच्या तळाशी बोट दाखवून मला म्हणाले, "अजून शून्य-शून्य आहे, मग कॅन्सस सिटीपुढे उणे अडीच कसं? खेळायच्या आधीच दंड केला का?" प्रश्न अगदी रास्त होता. तेव्हापासून काकांचा, ऑफिसातल्या मित्रांचा, पुण्याहून फोन करणाऱ्या भाच्याचा असे प्रश्न मी वहीत उतरवत गेलो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे आहेत. पैज लावा असं मी कुणाला सांगत नाही. पण हे आकडे आता सामन्याइतकेच डोळ्यांसमोर असतात, आणि ते न समजता पैसे लावणारे लोक बघून मला फार वाईट वाटतं.

प्रश्न १. भाव म्हणजे कोण जिंकणार याचं भाकीत का?

नाही, ती किंमत आहे. मार्केट यार्डात हापूसच्या पेटीचा भाव सकाळी निघतो आणि आवक नि गिऱ्हाईक बघून दुपारपर्यंत बदलतो, तसाच हा भाव. त्यात अंदाज असतोच, पण बुकाचा, म्हणजे पैजा घेणाऱ्या कंपनीचा, नफाही असतो (प्रश्न ५) आणि लोकांचा पैसा कुठे झुकलाय तेही असतं (प्रश्न १०). "कुठला संघ चांगला?" हा एक प्रश्न आणि "या भावाला तो घ्यावा का?" हा दुसरा. पुढची बहुतेक उत्तरं दुसऱ्या प्रश्नाची आहेत.

प्रश्न २. -११० आणि +१५० हे आकडे वाचायचे कसे?

उणे असेल तर शंभर डॉलर कमवायला किती लावावे लागतील, ते तो आकडा सांगतो. -११० म्हणजे ११० लावा, जिंकलात तर १०० नफा, हातात एकूण २१०. अधिक असेल तर शंभर लावल्यावर किती सुटतील, ते कळतं. +१५० म्हणजे १०० लावा, १५० नफा, हातात २५०. शंभरच लावायला हवेत असं काही नाही. -११० ला अकरा लावून दहा सुटतात, +१५० ला दहा लावून पंधरा.

उणे आकडा जितका मोठा, तितका तो संघ जड फेव्हरिट आणि तितकी कमाई कमी. -३०० ला शंभर कमवायला तीनशे अडकवावे लागतात. +१०० म्हणजे लावाल तेवढेच सुटतील, त्याला इथे इव्हन मनी म्हणतात. -१०० आणि +१०० यांच्या मधले आकडे या पद्धतीत नसतातच, म्हणून "-५० कधी दिसत का नाही?" याचं उत्तर इथेच संपतं.

प्रश्न ३. आपल्याकडे क्रिकेटला "८० पैसे भाव" म्हणतात. त्याचा याच्याशी मेळ कसा घालायचा?

८० पैसे म्हणजे रुपया लावला तर ८० पैसे सुटणार. अमेरिकन पद्धतीत तोच भाव -१२५, कारण शंभर कमवायला १२५ लागतात. युरोपातल्या दशांश पद्धतीत तो १.८०. तिथे लावलेला रुपयाही आकड्यातच धरलेला असतो, आणि नेमकं हेच लोक विसरतात. -११० म्हणजे १.९१, +१५० म्हणजे २.५०, -२०० म्हणजे १.५०. बहुतेक ॲपच्या सेटिंगमध्ये पद्धत बदलता येते. ज्यात तुमचं डोकं चालतं ती ठेवा, किंमत तीच राहते.

प्रश्न ४. भावावरून जिंकण्याची शक्यता कशी काढायची?

उणे भावात त्या आकड्याला, त्याच आकड्यात शंभर मिळवून भागायचं. -२०० ला २०० भागिले ३००, म्हणजे ६६.७ टक्के. अधिक भावात शंभराला, आकडा अधिक शंभर याने भागायचं. +१५० ला १०० भागिले २५०, म्हणजे ४० टक्के.

एवढा एक हिशेब तोंडी आला तरी पुष्कळ झालं. +१५० दिसला की स्वतःला विचारायचं, हे दोन संघ याच परिस्थितीत दहा वेळा खेळले तर हा चारपेक्षा जास्त वेळा जिंकेल का? "वाटतं जिंकेल" हे त्याचं उत्तर होत नाही.

प्रश्न ५. दोन्ही बाजूंना -११० लिहिलेलं असतं. मग बुकाला काय सुटतं?

प्रश्न ४ मधला हिशेब दोन्ही बाजूंना करून बघा. ११० भागिले २१०, म्हणजे ५२.३८ टक्के. दोन्हींची बेरीज १०४.७६. शक्यतांची बेरीज शंभरच व्हायला हवी, वरचे पावणेपाच बुकाचे. याला इथे विग किंवा जूस म्हणतात. दोघांनी समोरासमोर ११०-११० लावले तर बुकाकडे २२० जमतात, जिंकणारा २१० नेतो, दहा मागे राहतात. शंभर रुपयांच्या उलाढालीवर साधारण साडेचार रुपये.

म्हणून -११० च्या पैजांत निम्म्या वेळा बरोबर येणारा माणूस हरत असतो. शंभर पैजांत ५२ लागल्या तर ५,२०० आले आणि ४८ गुणिले ११०, म्हणजे ५,२८० गेले. ऐंशी डॉलर खड्ड्यात. ५३ लागल्या तरच १३० उरतात. ५२ आणि ५३ यांच्यातली ही फट वर्षानुवर्षं पार करणारे लोक फार थोडे. "माझ्या जास्त पैजा लागतात, तरी पैसे जातात कुठे?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हीच बेरीज-वजाबाकी कागदावर करायला लावतो.

एकाच सामन्याला एका बुकात -११० आणि दुसऱ्यात -१०५ असू शकतो. -१०५ ला ५१.२२ टक्क्यांवर बरोबरी होते.

प्रश्न ६. मनीलाइन आणि स्प्रेड यांत फरक काय?

मनीलाइनमध्ये फक्त कोण जिंकलं ते बघतात. एका गुणाने जिंकलं काय, चाळीसने काय, सारखंच. म्हणून तिथे तगड्या संघाचा भाव महाग असतो.

स्प्रेडमध्ये भाव साधारण सारखे ठेवतात आणि गुणांची चढउतार लावतात. काकांनी पाहिलेलं उणे अडीच ते हेच. कॅन्सस सिटीच्या अंतिम गुणांतून अडीच वजा करायचे आणि मग कोण पुढे ते बघायचं. म्हणजे त्यांना किमान तीनने जिंकायला हवं. समोरच्या संघाला अधिक अडीच मिळतात, तो दोनने हरला तरी त्याच्यावरची पैज लागते. खरा स्कोअर जागचा हलत नाही. या पद्धतीचं श्रेय सहसा चार्ल्स मॅकनील या शिकागोतल्या गणिताच्या माणसाला दिलं जातं आणि काळ १९४० च्या दशकाचा सांगतात.

प्रश्न ७. फुटबॉलमध्ये अर्धा गुण मिळतच नाही, मग अडीच, साडेतीन कशासाठी?

बरोबरी टळावी म्हणून. स्प्रेड -३ असेल आणि संघ नेमका तीनने जिंकला तर पैज ना जिंकली ना हरली. याला पुश म्हणतात आणि लावलेले पैसे परत मिळतात. -२.५ किंवा -३.५ असेल तर निकाल लागतोच. या अर्ध्याला इथे हुक म्हणतात. मराठीत बरं आहे, आपल्याकडे दीड, अडीच, साडेतीन हे शब्द आधीपासूनच रुळलेले आहेत.

प्रश्न ८. सगळे ३ आणि ७ या आकड्यांबद्दल एवढं का बोलतात?

माझ्या मते या खेळाच्या भावांतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. फील्ड गोलचे, म्हणजे किक मारून चेंडू खांबांमधून पाठवण्याचे, गुण ३. टचडाउनचे, म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचण्याचे, ६ आणि मागोमागच्या किकचा १, मिळून ७. म्हणून गुणांचा फरक सगळ्या आकड्यांवर सारखा पसरत नाही, ठरावीक आकड्यांवर साचतो. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या साधारण सात सामन्यांमागे एक नेमका तीनच्या फरकाने सुटतो. त्याखालोखाल सातचा नंबर. सामना बरोबरीत असताना शेवटच्या मिनिटात चेंडू हाती असलेला संघ टचडाउनच्या मागे लागत नाही, पुरेसा जवळ जाऊन किक मारतो आणि घरी जातो. तीनचा फरक इतक्या वेळा दिसतो तो बराचसा यामुळे.

आता -२.५ वरून -३.५ वर जाणं आणि -८.५ वरून -९.५ वर जाणं, दोन्हीकडे फरक एकाच गुणाचा. पहिल्या ठिकाणी तुम्ही तीनचा आकडा ओलांडता, ती फार मोठी गोष्ट. दुसऱ्या ठिकाणी नऊ ओलांडता, आणि नऊच्या फरकाने सामने क्वचितच सुटतात. मागे माझ्याकडे दोघा मित्रांचे स्क्रीनशॉट आले होते. संघ एकच, सामना एकच. एकाने मंगळवारी -२.५ घेतला होता, दुसऱ्याने रविवारी सकाळी -३.५. सामना तीनने सुटला. एक जिंकला, एक हरला, आणि हरलेला मला विचारत होता की ॲपमध्ये काही बिघाड आहे का. बिघाड नव्हता, त्याने तोच माल महाग घेतला होता.

बुकांनाही हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून -३ वर पैसा वाढला की ती लगेच -३.५ करत नाहीत, आकडा -३ च ठेवून भाव -११० वरून -१२० करतात. स्प्रेडच्या शेजारचा तो छोटा आकडा न वाचता बटण दाबणारे खूप आहेत.

एक बदल मात्र झालाय. २०१५ पासून टचडाउननंतरच्या किकसाठी चेंडू १५ यार्डांच्या रेषेवरून मागे दिला जातो, म्हणजे किक साधारण ३३ यार्डांची होते. पूर्वी ती जवळजवळ हुकतच नसे, आता अधूनमधून हुकते. त्यामुळे सहाच्या फरकालाही थोडं वजन आलंय. तीनचं राज्य कायम आहे.

प्रश्न ९. ओव्हर-अंडर म्हणजे?

दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज. ४५.५ लिहिलं असेल तर बेरीज ४६ किंवा जास्त झाली की ओव्हर, ४५ किंवा कमी राहिली की अंडर. कोण जिंकलं याच्याशी संबंध नाही. वारा आणि थंडी यांचा परिणाम इथे सर्वांत आधी दिसतो. बर्फापेक्षा जोराच्या वाऱ्याकडे जास्त लक्ष द्या, कारण लांब पास आणि किक दोन्ही वाऱ्याने बिघडतात.

प्रश्न १०. आकडा आठवडाभर बदलत का राहतो?

नवी माहिती आणि पैसा. संघांना बुधवार ते शुक्रवार दुखापतींचा अहवाल द्यावा लागतो आणि सामन्याच्या ९० मिनिटं आधी कोण खेळणार नाही ती यादी येते. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, बाहेर बसला तर आकडा एकदम काही गुणांनी सरकतो. दुसऱ्या कुठल्याही जागेवरच्या खेळाडूचं वजन सहसा एवढं नसतं. घरच्या मैदानाला पूर्वी सरसकट तीन गुण धरत, आता दीड-दोनच्या आसपास धरतात.

पैशाने आकडा हलवला की काय होऊ शकतं याचं उदाहरण म्हणजे १९७९ चा तेरावा सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना), पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज. सुरुवातीला स्टीलर्स -३.५ होते. त्यांच्यावर पैसा आला म्हणून आकडा -४.५ पर्यंत गेला. तेव्हा डॅलसवाल्यांनी अधिक साडेचार घेतले. सामना ३५-३१ सुटला, फरक नेमका चारचा. आधी स्टीलर्स घेणारे जिंकले आणि नंतर काउबॉइज घेणारेही जिंकले. लास व्हेगासच्या बुकींनी दोन्हीकडे पैसे मोजले, आणि तो दिवस त्यांच्यात अजून काळा रविवार म्हणून सांगितला जातो.

"आकडा जिकडे सरकला तिकडेच लावावं का?" असंही विचारतात. सरकून झाल्यावर तुम्हाला जुनी किंमत मिळत नाही, हे त्याचं उत्तर.

प्रश्न ११. एवढा मोठा फेव्हरिट हरतो तेव्हा बुक चुकलेलं असतं का?

एका सामन्यावरून तसं म्हणता येत नाही. ८० टक्के शक्यता म्हणजे पाचातून एकदा हरणार, आणि ती एक वेळ कधीतरी यायचीच. जानेवारी १९६९ च्या तिसऱ्या सुपर बोलमध्ये बाल्टिमोर कोल्ट्स सुमारे १८ गुणांनी फेव्हरिट होते. न्यू यॉर्क जेट्सच्या जो नेमॅथने "आम्हीच जिंकू" असं आधी सांगितलं आणि जेट्स १६-७ जिंकले. फेब्रुवारी २००८ मध्ये एकही सामना न हरलेले न्यू इंग्लंड पेट्रियट्स बाराच्या आसपास फेव्हरिट होते आणि जायंट्सनी त्यांना १७-१४ हरवलं. हेच दोन निकाल लोकांच्या तोंडी असतात, कारण तसे फार घडत नाहीत. जिथे फेव्हरिट निमूट जिंकला ते सुपर बोल कुणी आठवत बसत नाही.

प्रश्न १२. पार्लेमध्ये दहा डॉलरचे सत्तर होतात. मग सगळे तेच का करत नाहीत?

खरं तर बरेच जण तेच करतात, आणि बुकांना तेच हवं असतं. पार्ले म्हणजे अनेक पैजांची माळ, त्यातली एक तुटली की सगळी गेली. -११० च्या तीन पैजांची माळ लागली तर दहाचे सुमारे ६९.५८ होतात. तिन्ही नाणेफेकीसारख्या असतील तर आठातून एकदा लागणार, म्हणजे रास्त हिशेबाने ८० मिळायला हवेत. एकट्या पैजेत बुकाचा वाटा साडेचार टक्के होता (प्रश्न ५), तीनच्या माळेत तो १३ टक्क्यांवर जातो. मणी वाढतील तसा हा वाटाही वाढतो.

एकाच सामन्यातल्या गोष्टींची माळ वेगळी. क्वार्टरबॅकचे यार्ड वाढले तर त्याचे पास झेलणाऱ्या रिसीव्हरचेही वाढतात, या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून तिथे साधा गुणाकार न लावता बुक स्वतःचं गणित वापरून भाव कमी देतं, आणि ते गणित तुम्हाला दिसत नाही. मी स्वतः त्या वाटेला जात नाही.

प्रश्न १३. टीझर म्हणजे स्वस्तातला पार्लेच ना?

भाऊबंद म्हणा. दोन किंवा जास्त सामन्यांत प्रत्येक आकडा सहसा सहा गुणांनी तुमच्या बाजूला सरकवून मिळतो, पण सगळे लागले पाहिजेत. दोन सामन्यांच्या टीझरचा भाव -१२० असेल तर प्रत्येक सामना ७३.९ टक्के वेळा लागला तरच बरोबरी होते.

इथे प्रश्न ८ कामाला येतो. -८.५ चं -२.५ केलं तर सात आणि तीन दोन्ही ओलांडले गेले, त्या सहा गुणांची पुरेपूर किंमत वसूल झाली. +१.५ चं +७.५ केलं तरी तेच. पण -३ चं +३ केलं तर मधल्या शून्याच्या आसपासचे गुण जवळजवळ वाया जातात, कारण बरोबरी क्वचित होते. ओव्हर-अंडर सरकवण्यात तर आणखी कमी हशील.

प्रश्न १४. क्वार्टरबॅकवर "टचडाउन करेल" अशी पैज लावली. त्याने तीन टचडाउन पास फेकले, तरी हरलो. हे कसं?

वहीतला हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. टचडाउन करणारा म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचणारा, धावत किंवा झेलून. पास फेकणाऱ्याचं नाव त्यात धरत नाहीत. फेकलेल्या टचडाउनची पैज वेगळ्या नावाखाली असते. अशा खेळाडूंच्या किंवा घटनांच्या पैजांना प्रॉप म्हणतात. जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये शिकागो बेअर्सचा अगडबंब बचावपटू विल्यम पेरी टचडाउन करेल का, यावर लोकांनी गंमत म्हणून लावलं, आणि त्याने केलं. बुकींना ते महाग पडलं, पण प्रॉप लोकप्रिय झाले ते तेव्हापासून.

प्रश्न १५. हंगाम सुरू होण्याआधीच सुपर बोलच्या विजेत्यावर लावणं फायद्याचं असतं का?

बत्तीसही संघांचे भाव घ्या, प्रश्न ४ प्रमाणे टक्के काढा आणि बेरीज करा. ती शंभराच्या पुष्कळ वर जाते. शिवाय तुमचे पैसे फेब्रुवारीपर्यंत अडकतात.

प्रश्न १६. सामना जादा वेळेत गेला किंवा बरोबरीत सुटला तर?

पूर्ण सामन्याच्या पैजांत जादा वेळेतले गुण धरतात, वेगळं लिहिलं नसेल तर. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, बरोबरी होऊ शकत नाही. नियमित हंगामात होते, कारण जादा वेळ दहाच मिनिटांचा असतो. २८ सप्टेंबर २०२५ ला काउबॉइज आणि पॅकर्स ४०-४० वर थांबले. साध्या मनीलाइनवाल्यांना पैसे परत मिळाले. पॅकर्स टचडाउनच्या आसपास फेव्हरिट होते, म्हणून स्प्रेडमध्ये काउबॉइजवाले जिंकले. मात्र बरोबरीचा तिसरा पर्यायही देणारी मनीलाइन असते. तिथे संघावर लावलेले पैसे बरोबरीत जातात आणि बहुधा फक्त साठ मिनिटांचा खेळ धरतात. पर्याय दोन आहेत की तीन, एवढं मोजूनच घ्या.

प्रश्न १७. ज्याच्यावर लावलं तो खेळाडू खेळलाच नाही, किंवा पहिल्याच डावपेचात जखमी झाला तर?

मैदानात उतरलाच नाही तर बहुतेक बुकं पैसे परत देतात. एकदा उतरला की पैज चालू, मग तो पाच सेकंदांत बाहेर गेला तरी. पार्लेतला असा रद्द मणी सहसा गळतो आणि उरलेल्यांवर भाव नव्याने काढतात. पुशचंही बहुधा तसंच. टीझरमध्ये मात्र पुशचा नियम बुकागणिक बदलतो, तो आधी वाचावा लागतो.

प्रश्न १८. सामना अर्ध्यावर थांबला तर?

२ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत बिल्स आणि बेंगल्स खेळत होते. पहिल्याच क्वार्टरमध्ये बिल्सचा डॅमार हॅमलिन टॅकलनंतर उठला आणि कोसळला, त्याचं हृदय बंद पडलं होतं. मैदानातच त्याचा जीव वाचवावा लागला. खेळ थांबला आणि लीगने पुढे तो सामना रद्दच केला. त्या रात्री कुणाला पैजांचं सुचत नव्हतं, मलाही नव्हतं, पण नंतर हा प्रश्न आला. बुकांचा नेहमीचा नियम असा की किमान ५५ मिनिटं खेळ झाला नाही तर पूर्ण सामन्याच्या पैजा रद्द आणि पैसे परत. आधीच पूर्ण झालेल्या गोष्टींच्या पैजा, उदाहरणार्थ पहिलं टचडाउन कोणाचं, बहुधा कायम राहतात. हॅमलिन पुढे पुन्हा खेळला.

प्रश्न १९. माझा संघ जिंकला, आणखी गुण मिळत होते ते त्यांनी घेतलेच नाहीत, आणि मी हरलो. हे चालतं?

चालतं. संघ सामना जिंकायला खेळतो, तुमचा स्प्रेड त्याच्या गावीही नसतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये रॅम्सचा टॉड गर्ली पॅकर्सविरुद्ध मोकळा धावत होता, तो टचडाउन न करता रेषेच्या अलीकडे थांबला, म्हणजे घड्याळ पळत राहील आणि चेंडू परत द्यावा लागणार नाही. रॅम्स २९-२७ जिंकले. स्प्रेड सातच्या वर होता.

त्याहून मोठा प्रसंग १४ जानेवारी २०१८ चा. मिनेसोटा वायकिंग्ज एका गुणाने मागे, शेवटचे दहा सेकंद. केस कीनमचा पास स्टेफॉन डिग्जने झेलला, बचावपटू हुकला आणि डिग्ज थेट शेवटपर्यंत गेला, ६१ यार्ड. वेळ संपली, २९-२४. तरी तेव्हाच्या नियमाप्रमाणे टचडाउननंतरचा प्रयत्न करणं भाग होतं. सगळं स्टेडियम नाचत असताना दोन्हीकडचे खेळाडू परत बोलावले गेले, कीनमने चेंडू घेतला आणि गुडघा टेकला. किक मारली असती तर फरक सहाचा झाला असता, तो पाचच राहिला. बहुतेक ठिकाणी स्प्रेड ५.५ होता. त्याच वर्षी नियम बदलला, आता शेवटच्या क्षणी विजयी टचडाउन झालं की पुढचा प्रयत्न घेतच नाहीत.

प्रश्न २०. न्यू जर्सीत रटगर्स या इथल्याच विद्यापीठाच्या सामन्यावर भाव का दिसत नाही?

न्यू जर्सीच्या कायद्याने राज्यातल्या कॉलेज संघांवर, ते कुठेही खेळोत, आणि राज्यात होणाऱ्या कॉलेज सामन्यांवर पैज घेता येत नाही. २०२१ मध्ये हे बदलावं का यावर मतदान झालं, लोकांनी नको म्हटलं. नियम राज्यागणिक वेगळे आहेत. १४ मे २०१८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या पैजा रोखणारा १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला आणि निर्णय राज्यांवर सोपवला. टेक्सस आणि कॅलिफोर्नियात स्पोर्ट्सबुकांना अजून परवानगी नाही. तुमचं घर कुठे आहे हे बघत नाहीत, पैज लावताना फोन कुठे आहे ते बघतात. न्यू जर्सीत वय २१ पूर्ण हवं.

प्रश्न २१. मी पुण्यात आहे. इथून लावता येईल का?

भाच्याला सांगितलं तेच सांगतो, नको. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे फिरवणं, सगळ्यावर बंदी आहे. परकी चलनाच्या नियमांतही लॉटरीच्या तिकिटांबरोबर "फुटबॉल पूल" असं नाव घेऊन परदेशी पैसे पाठवायला मनाई केलेली आहे. टेलिग्रामवर जे तुम्हाला आयडी देतात त्यांनी पैसे बुडवले तर तक्रार कुणाकडे करणार? सामना बघा, भाव वाचा, अंदाज कागदावर लिहून ठेवा. हंगामाच्या शेवटी प्रश्न ५ मधला हिशेब करा.

प्रश्न २२. जितके जिंकलो तितकेच हरलो. मग अमेरिकेत कर कशाला?

कारण जिंकलेली रक्कम पूर्ण उत्पन्न धरली जाते आणि हरलेली वजा करायला तपशीलवार वजावट घ्यावी लागते. प्रमाणित वजावट घेणाऱ्याला हरलेलं वजा करताच येत नाही. २०२५ च्या कायद्याने २०२६ च्या करवर्षापासून नुकसानीचे ९० टक्केच वजा होतात. १०,००० जिंकून १०,००० हरलात तर वजा होणार ९,०००, आणि न मिळालेल्या १,००० वर कर. नोंदी ठेवा आणि सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, आधीच विचारा.

प्रश्न २३. नवऱ्याचं हे आवरत नाहीये. काय करू?

हे ज्या ताईंनी विचारलं त्यांच्याशी मी बराच वेळ बोललो. हरलेले भरून काढायला रक्कम वाढवणं, खातं लपवणं, उसने घेणं, यातलं काही दिसत असेल तर ही भाव न समजण्याची अडचण नाही, आजार आहे. १-८००-गॅम्बलर या क्रमांकावर फोन करता येतो, घरच्यांनाही करता येतो. न्यू जर्सीत स्वतःचं नाव बंदीच्या यादीत घालून घेता येतं, मग परवानाधारक ॲप त्या माणसाची पैज घेत नाहीत. नाव मात्र त्यांनाच घालावं लागतं. तोवर बँकेचे व्यवहार एकत्र बसून बघा.

प्रश्न २४. पंचांची चूक नंतर मान्य झाली तर निकाल बदलतो का?

नाही. १६ नोव्हेंबर २००८ ला पिट्सबर्गमध्ये चार्जर्सविरुद्ध स्टीलर्स चार-पाच गुणांनी फेव्हरिट होते आणि शेवटचे काही सेकंद असताना ११-१० पुढे होते. चार्जर्सनी घाईघाईने चेंडू मागे फेकत खेळ लांबवला, तो सुटला, ट्रॉय पोलामालूने उचलला आणि टचडाउन केलं. फरक सातचा झाला. मग पंचांनी व्हिडिओ पाहून ते रद्द केलं, कारण आधीचा एक पास बेकायदेशीर ठरवला गेला. सामन्यानंतर पंचप्रमुखांनी कबूल केलं की टचडाउन बरोबर होतं. तोवर सामना अधिकृतपणे ११-१० नोंदला गेला होता, एनएफएलच्या इतिहासात हा स्कोअर पहिल्यांदाच. चार्जर्सवर लावणाऱ्यांना पैसे मिळाले, स्टीलर्सवाल्यांना मिळाले नाहीत.